दोन परस

आमच्या माढा-करमाळ्याकडं जुनी माणसं विहिरीची खोली अजून परसात सांगतात. माणूस हात वर करून उभा राहिला की झाला एक परस, सहा-सात फुटांचा. घरामागची मोकळी जागा, तीही परसच, आणि तिच्यावरनंच 'परसाकडं जाणं' आलं. एका परसाचं काम प्यायच्या पाण्याचं, दुसऱ्याचं त्याच्या अगदी उलट. ही दोन्ही कामं गाव कुणाकडनं करून घेत होतं आणि पैसे कशावर मोजत होतं, तेवढंच इथं सांगायचंय.

बारा बलुत्यांत विहीर खोदणारा नव्हता. मोटेचं चाक सुताराकडं, चामडं चांभाराकडं, नाडा मांगाकडं. हे दरसालचं काम, म्हणून त्यांना सुगीत धान्य. विहीर मात्र शेतकरी जन्मात एक खोदणार, फार तर दोन. त्यामुळं खोदणारे बाहेरनं यायचे आणि काम उक्तं घ्यायचे. आमच्याकडं ते बहुतेक वडार. इंग्रज सरकारनं 1883 साली जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला, त्यात विहिरीला तगाई मिळायची. ज्याची पत होती त्यानं कर्ज काढलं, वडारांची पालं शेतात पडली.

ठराव तोंडी, पण बारीक. मातीचा परस स्वस्त, मुरमाचा त्याहून महाग, काळा पाषाण लागला की पुन्हा बोलणं. सुरुंगाची दारू आणि वात मालकाची. पहारी-छिन्न्या लोहाराकडनं शेवटून आणायच्या त्याही मालकाच्या खर्चानं. आणि परस कुणाचा? मालक उंच आणि मिस्तरी ठेंगणा असला की भांडण ठरलेलं. म्हणून कामाआधी दोघांच्या देखत एक काठी कापायची आणि ती मालकाच्या घरी आढ्याला खोचून ठेवायची. बाया पाट्यांनी मुरूम वर आणायच्या. पुढं यारी आली. ती आधी माणसं फिरवायची, मग तिला डिझेलचं इंजिन बसलं.

पाणी लागलं नाही तर? खोदलेल्या परसाचे पैसे द्यावेच लागायचे. "मालक, खडूक आमच्या हातात, पाणी देवाच्या," असं त्यांचा म्होरक्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचा. पण सुरुंग न उडता राहिला, दरड आली, यारीचा दोर तुटला, तर जीव त्याचा जायचा आणि त्याचा भाव कुठल्याच ठरावात धरलेला नसायचा. बंद पडलेल्या विहिरीत उतरायच्या आधी ते कंदील खाली सोडायचे. तो विझला की कुणी उतरायचं नाही. निंबाचा डहाळा दोरीला बांधून हवा हलवायची, पाणी शिंपायचं, पुन्हा कंदील. मी हे लहानपणी काठावर पालथं पडून बघितलंय. तसं पडल्याबद्दल मारही खाल्लाय.

बहात्तरच्या दुष्काळानं मोजायचं मापच बदललं. त्याच साली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुरू झाली. हवेच्या दाबावर खडक फोडणारी यंत्रं गावोगाव फिरली. आपल्या जालना आणि सोलापूरचे हातपंप त्याच काळातले. 'इंडिया मार्क टू' पंप पुढं त्यांच्यातनंच निघाला. वडारांना जे काम महिने पुरायचं ते एका रात्रीत व्हायला लागलं. परस गेला, फूट आला.

बोअरच्या गाड्या पुष्कळशा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. शहाण्यानं गाडीजवळ खुर्ची टाकून नुसतं बसू नये, खाली जाणारे रॉड मोजावेत. रॉड बहुधा वीस फुटांचा. भिंतीवर खडूनं रेघ मारत गेलं की सकाळी फुटांवरनं वाद होत नाही. केसिंग पाइप वरच्या मातीत-मुरमात अर्धवट सोडू द्यायचा नाही, कडक खडकात बसला पाहिजे. पण खरी गोम फुटाच्या भावातच आहे. खोल गेलं की गाडीवाल्याचा फायदा, कोरडं निघालं की शेतकऱ्याचा तोटा. त्यामुळं "अजून शंभर जाऊ, लागंल," हे वाक्य गाडीबरोबरच येतं. 2009 च्या भूजल कायद्यात साठ मीटरच्या पलीकडची ती 'खोल विहीर' धरली आहे. आमच्या शिवारात साठ मीटरवर गाडी जेमतेम तापलेली असते.

आता दुसरा परस. खेड्यात ओढा होता, गावंदर होती, त्यामुळं टाकी उपसायचा प्रश्नच नव्हता. शहरात हे काम जातीच्या जोरावर एका समाजाच्या डोक्यावर लादलं होतं, अगदी खरोखरच्या डोक्यावर. त्यावर तोड म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीकडं गोपुरी संडास केला. मैल्याचं खत होईल आणि कुणा माणसाला तो वाहावा लागणार नाही, असा. आमच्याकडं संडास उशिरा आले. गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानं थोडे, 2014 नंतर घरोघरी. बांधायला घराचाच गवंडी. त्याला भिंत येते, पण टाकीला दोन कप्पे का लागतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. गाळ पहिल्या कप्प्यात बसावा, पाणी दुसऱ्यातनं शोषखड्ड्यात जावं, आणि दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा, असं ते गणित. त्याऐवजी तळ उघडा ठेवून भलामोठा खड्डा बांधतात आणि वर फरशी टाकतात.

मग पारावर फुशारकी चालते, "पंधरा वर्षं झाली, आमची टाकी भरली नाही." अरे, मग गेलं कुठं? आपला खडक भेगाळ. भेगेतनं जे विहिरीला पाणी येतं, त्याच वाटेनं हेही जातं. पिण्याच्या विहिरीपासनं निदान पन्नास फूट लांब ठेवा म्हणतात, पण भेग पन्नास फुटांवर थांबत नाही.

ज्यांची टाकी भरते ते तालुक्यातनं ट्रॅक्टरचा टँकर बोलावतात. पैसे खेपेवर. जितक्या खेपा जास्त तितका त्याचा धंदा, म्हणून तो लांब जात नाही. "कुठं सोडू?" विचारतो, आणि कुणी काही बोललं नाही तर ओढा आहेच. शेतात सोडलं तर ते सोनखत होतं असाही एक समज आहे. पुण्याकडचे ऊसवाले पूर्वी सोनखत विकत न्यायचे ते राख मिसळून वाळवलेलं. टँकरमधलं ओलं म्हणजे नुसता रोग.

गाळ घट्ट बसला की पाइप ओढत नाही. तेव्हा "एक माणूस उतरवू का?" असा प्रश्न येतो, वर दोन-चारशे रुपये जास्त. इथं कुणीही हो म्हणायचं नाही. 2013 च्या कायद्यानं तसं उतरवणं गुन्हा आहे, आणि विहिरीवरची कंदिलाची युक्ती इथं चालत नाही. टाकीतला वायू ज्योतीनं पेट घेऊ शकतो, आणि ज्या विषारी वायूनं माणूस मरतो त्यानं कंदील विझेलच असंही नाही. पाणी सोडून गाळ ढवळायचा, जास्तीची खेप द्यायची.

गावाजवळ राहिलेल्या वडारांतल्या एका म्होरक्याचा नातू आता जेसीबी चालवतो. टाकीचे खड्डे तोच काढतो, भाव तासावर. पण मशीन उतरवायच्या आधी विहिरीपासनं पावलं मोजत येतो, पाण्याचा उतार बघतो. परवा एका घरी त्यानं खड्डा काढायलाच नकार दिला. मालक म्हणाला, "तुला काय करायचंय? तू तासाचे पैसे घे." तो म्हणाला, "तात्या, खाली तुमच्या भावकीची हीर हाय. ती आमच्या आज्यानं खांदल्याली."

दुसऱ्या दिवशी दुसरा जेसीबी आला.