पायथॉनमधील सी-फंक्शनला टाइप हिंट कशी जोडतात?

पायथॉनमध्ये फंक्शन लिहिताना ‘इथे पूर्णांक द्या, उत्तर मजकूर मिळेल’ अशी टीप त्याच ओळीत लिहिता येते. या टिपेला ॲनोटेशन म्हणतात. ही सोय २००८ मध्ये पायथॉन ३.० सोबत आली. पुढे २०१५ मध्ये, ३.५ आवृत्तीपासून, तिचा टाइप हिंट म्हणून वापर रूढ झाला.

मग अडचण कुठे आहे?

वेग हवा असतो तेव्हा काही मॉड्यूल सी भाषेत लिहून कंपाइल करतात. त्यांना एक्स्टेन्शन मॉड्यूल म्हणतात. ‘मॅथ’ मॉड्यूलमधील वर्गमूळ काढणारे फंक्शन असेच आहे. त्याला चालू प्रोग्रॅममधून ॲनोटेशन चिकटवायला गेलात, तर पायथॉन ‘ॲट्रिब्यूट एरर’ देतो. साध्या पायथॉन फंक्शनमध्ये अशा टिपांसाठी जागा असते. सी-फंक्शनमध्ये ती नसते.

उपाय काय?

टिपा वेगळ्या फाइलमध्ये लिहायच्या. या फाइलला ‘स्टब’ म्हणतात आणि तिचे एक्स्टेन्शन ‘पीवायआय’ असते. तिच्यात फक्त फंक्शनचे नाव, इनपुट आणि आउटपुटचे प्रकार असतात. प्रत्यक्ष काम करणारा कोड नसतो. मायपायसारखे तपासनीस ही फाइल वाचून चुका दाखवतात. पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीचे स्टब ‘टाइपशेड’ या प्रकल्पात ठेवलेले आहेत.

सायथॉन वापरत असाल तर आणखी एक वाट आहे. त्यातील ‘बाइंडिंग’ हा पर्याय चालू असेल, तर कंपाइल केलेल्या फंक्शनवरही ॲनोटेशन टिकते. सायथॉन ३ मध्ये तो मुळातच चालू असतो.

कशाची काळजी घ्यावी?

स्टब खरा आहे की नाही, हे प्रोग्रॅम चालताना कोणीही तपासत नाही. उदाहरणार्थ, मजकुरात नमुना शोधणारी ‘मॅच’ ही मेथड सी भाषेत आहे. नमुना जुळला नाही, तर ती ‘नन’ परत करते. समजा, स्टबमध्ये ‘नन’चा उल्लेखच राहून गेला. तपासनीस ‘सगळे ठीक’ म्हणेल आणि प्रोग्रॅम नेमका वापरकर्त्यासमोर कोसळेल. म्हणजे चुकीची टीप ही टीप नसण्यापेक्षा वाईट.

म्हणून सी-कोड बदलला की स्टबही बदला. मायपायसोबत ‘स्टबटेस्ट’ हे साधन मिळते. ते मॉड्यूल प्रत्यक्ष इम्पोर्ट करून त्यातील नावे आणि इनपुट स्टबशी ताडून पाहते. मात्र सी-फंक्शन नेमके काय परत करते, हे त्याला सहसा कळत नाही. ते कोड वाचून तुम्हालाच पाहावे लागते.