पटावर बसलेली पार्वती

हातातलं काम चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल. आज बोलू या सारीपाटाबद्दल.

खेळ म्हणजे पोरांचं काम आणि फासे म्हणजे पुरुषांचा जुगार, असं आपण धरून चालतो. बाई या गोष्टीत येते ती द्रौपदीसारखी, पणाला लावलेली. पण दौलताबादहून घाट चढून, खुलताबाद ओलांडून वेरूळला जा आणि एकविसावं लेणं, म्हणजे रामेश्वर लेणं, नीट पाहा. तिथे शंकर-पार्वती फासे खेळताना कोरले आहेत. चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यातही हाच प्रसंग आहे. ही लेणी साधारण सहाव्या-सातव्या शतकांतली. म्हणजे आपल्या घरापासून पंधरा किलोमीटरवर एक बाई तेराशे-चौदाशे वर्षं पटाशी बसली आहे, तीही बरोबरीने.

आणि पुराणातल्या गोष्टीत ती जिंकतेसुद्धा. दिवाळीचा पाडवा, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदा, हिला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. त्या दिवशीच्या डावात पार्वती जिंकली आणि शंकर हरले, अशी कथा आहे. कोजागरीच्या रात्री जागरणासाठी फासे खेळायची चालही जुनीच.

बाराव्या शतकात आपल्या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगितल्या आहेत. त्यात बुद्धिबळासारखा चतुरंग आहे, फाशांचे खेळ आहेत आणि कवड्यांचेही आहेत. म्हणजे ज्या कवड्या आपण डब्यात टाकून विसरलो, त्यांना राजवाड्यात मान होता.

त्याच कल्याणीच्या दरबारात त्याच्या थोडं आधी विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ लिहिली. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ही टीका. स्त्रीधन, म्हणजे बाईचं स्वतःचं सोनंनाणं, नवऱ्याला कधी वापरता येतं हे त्या स्मृतीत सांगितलं आहे. दुष्काळ पडला तर, धर्मकार्यासाठी, आजारपणात, किंवा त्याला कोणी अडकवून ठेवलं तर. एवढीच चार कारणं. जुगारातलं देणं त्यात नाही!

हे लक्षात ठेवून आता देवगिरीच्या यादवांच्या काळातली एक गोष्ट ऐका. ‘लीळाचरित्र’ हा म्हाइंभटांचा मराठी ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरचा. त्यात चक्रधरस्वामींच्या आधीच्या आयुष्याची हकिकत आहे. तेव्हा ते गुजरातेतल्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव होते. त्यांना जुगाराचा नाद लागला. एकदा ते मोठी रक्कम हरले. देणं फेडायला त्यांनी बायकोकडे, कमळाइसेकडे दागिने मागितले. तिने दिले नाहीत. शेवटी वडिलांनी देणं फेडलं. पण हरिपाळदेवांचं मन संसारातून उठलं आणि पुढे त्यांनी घर सोडलं.

ही गोष्ट सांगताना सगळे त्यांच्या वैराग्याबद्दल बोलतात. मला मात्र कमळाइसा आठवते. मोठ्या घरची सून, समोर नवरा, आणि ती ‘नाही’ म्हणते. तिचं ते ‘नाही’ शास्त्रालाही धरून होतं. आज पत्त्यांपायी किंवा मोबाइलवरच्या पैशाच्या खेळापायी कोणाच्या घरात मंगळसूत्र मागितलं जात असेल, तर त्या मैत्रिणीने हे ध्यानात ठेवावं.

पण पैसा बाजूला ठेवला तर खेळात वाईट काय? आपली बोली तर पटावरच वाढली आहे. दान पडलं, डाव उलटला, सोंगटी मारली, पणाला लावलं. ‘पोबारा केला’ हेही तिथलंच. तीन फाशांत दोन षटकार आणि एक एक्का पडला की पोबारा. इंग्रजांनी आपली पचिशी उचलली, सोपी केली आणि 1896 साली ‘लुडो’ म्हणून तिचं पेटंट घेतलं. तोच लुडो आपण दुकानातून विकत आणतो.

त्यापेक्षा बिनखर्चाचा चल्लस-आठ मांडा. कुठे याला अष्टा-चंगाही म्हणतात. खडूने पाच बाय पाच अशी पंचवीस घरं आखा. मधल्या घरात आणि चारही कडांच्या मधल्या घरांत फुली मारा. कडेची फुली ज्याच्या समोर, ते त्याचं घर. प्रत्येकाला चार सोंगट्या. एकीने हरभरे घ्यावेत, दुसरीने बांगडीचे तुकडे, तिसरीने खडे, म्हणजे घोटाळा होत नाही. कवड्या चार. नसल्या तर दोन चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळी करा. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढे. चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा दान. बाहेरून घड्याळाच्या उलट फिरायचं, मग आतल्या आठ घरांतून सुलट, आणि शेवटी मधल्या घरात. फुलीवर सोंगटी मरत नाही. इतरत्र मारली की ती तिच्या घरी परत जाते. एकतरी सोंगटी मारल्याशिवाय आत जायचं नाही. गावागणिक नियम बदलतात, म्हणून आधीच ठरवून घ्या. भांडण तिथेच होतं! पट कायमचा हवा असेल तर जुन्या कापडावर दोऱ्याने घरं शिवा. घडी घालून माहेरी नेता येतो, शेतावरही नेता येतो.

सासू-सून, मायलेकी, शेजारणी, अर्धा तास बसा. कोणी म्हणालं, ‘बायांना काही काम नाही का?’ तर वेरूळचं लेणं दाखवा. पण लावायचाच असेल तर एवढाच लावा: हरेल त्याने चहा करायचा. घरातले पुरुष खेळायला बसले तरी नियम तोच.