दोन दिवसांचा भयपट आणि त्याचा शेवट

रॉजर कॉर्मनचा ‘द लिटिल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०) दोन दिवस आणि एका रात्रीत चित्रित झाला, ही कथा चित्रपटवेड्यांना पाठ असते. त्या घाईमागचे कारण मात्र फारसे सांगितले जात नाही. नटाचे काम एकरकमी पैसे देऊन कायमचे विकत घेण्याची मुभा १९६० उजाडताच नव्या नियमांनी जाणार होती. एका जुन्या चित्रपटाचा सेट उभाच होता, नट नेहमीचे होते. कॉर्मनने दुकानातले सारे प्रसंग वर्ष संपायच्या आत उरकले. एकूण खर्च सुमारे ३० हजार डॉलर!

पटकथा चार्ल्स ग्रिफिथची. फुलांच्या दुकानातला बावळट नोकर सेमूर एक रोपटे वाढवतो आणि त्याला माणसाच्या रक्ताची चटक लागते. भुकेने ओरडणाऱ्या त्या रोपट्याचा आवाजही ग्रिफिथचाच. दाढ उपटून घेताना सुखावणारा एक रुग्ण यात आहे. तो तरुण जॅक निकल्सन. सगळा भडकपणा कळूनसवरून केलेला आहे. कुणीही डोळा मारून ‘ही गंमत आहे बरं का’ असे सुचवत नाही. मला तीच या चित्रपटाची खरी ताकद वाटते.

या चित्रपटातून पुढे काही मिळेल असे कॉर्मनला वाटले नाही, म्हणून त्याने स्वामित्वहक्काची नोंदणीच केली नाही. नटांचे हक्क कायमचे घेण्यासाठी एवढी धावपळ करणाऱ्याने स्वतःचा हक्क असा सोडून द्यावा! परिणामी कुणीही प्रती काढाव्यात, कुणीही दाखवाव्यात. रात्री उशिराच्या दूरचित्रवाणीवर त्याला प्रेक्षक मिळाले. निकल्सन मोठा झाल्यावर व्हिडिओच्या वेष्टनांवर त्याचाच चेहरा ठळक झळकू लागला; भूमिका जेमतेम एका प्रसंगाची असली म्हणून काय झाले!

१९८२मध्ये हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेन्केन यांनी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्याचे संगीत नाटक आणले. ते पाच वर्षे चालले. त्यावरून फ्रँक ऑझने १९८६मध्ये चित्रपट केला, सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून. स्वीकाराचा इतिहास इथे खरा रंगतो. मूळ चित्रपटात सेमूर सुरी घेऊन रोपट्याच्या तोंडात शिरतो, आणि शेवटी उमललेल्या कळीत त्याचा चेहरा दिसतो. ऑझनेही नायक-नायिकेला रोपट्याच्या घशात घातले होते. पुढे रोपट्यांनी न्यूयॉर्क उद्ध्वस्त केल्याचा खर्चिक प्रसंगही चित्रित झाला होता. पण चाचणी-खेळात गाण्यांना टाळ्या देणारे प्रेक्षक दोघे मरताच गार पडले. शेवट बदलला, जोडपे वाचले, संसार मांडला.

कॉर्मनला असा कौल घेण्याची गरजच नव्हती. तीस हजारांत नायक मारता येत होता. अडीच कोटींत त्यासाठी प्रेक्षकांची परवानगी लागली. ऑझचा तो मूळ शेवट दुरुस्त होऊन लोकांसमोर आला तो २०१२मध्ये, ब्लू-रे तबकडीवर.