जबलपूर ते लंडन : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

जबलपूरचा डुमना विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,३७० किलोमीटर आहे. ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर साडेआठ तासांत कापता येईल. मात्र या दोन शहरांदरम्यान थेट विमानसेवा नाही. त्यामुळे कोणत्या विमानतळावर विमान बदलायचे, हाच प्रवाशापुढील खरा प्रश्न ठरतो.

जबलपूरमधील अनेक मराठी कुटुंबे सवयीने मुंबईचा विचार करतात. त्याला इतिहासही आहे. ७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे मुंबईकडील आणि कोलकात्याकडील लोहमार्ग जोडले गेले. सुएझ कालवा त्याआधी काही महिनेच, नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता. त्यानंतर विलायतेला जाणाऱ्याची वाट मुंबई बंदरातूनच निघत असे.

विमानाचे गणित निराळे आहे. सपाट नकाशावर मुंबई लंडनच्या वाटेवर दिसते, परंतु पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग जबलपूरहून वायव्येकडे निघतो आणि मुंबई तर नैऋत्येस आहे. जबलपूर–मुंबई सुमारे ८७० आणि मुंबई–लंडन सुमारे ७,२१० असे मिळून ८,०८० किलोमीटर होतात. दिल्लीमार्गे ६७० आणि ६,७३० मिळून ७,४०० किलोमीटर, म्हणजे सरळ अंतराहून जेमतेम ३० किलोमीटर अधिक. मुंबईमार्गे जाणारा प्रवासी सुमारे ७०० किलोमीटरचा वळसा घेतो.

तथापि किलोमीटर वाचले म्हणजे तास वाचलेच, असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. अशी बंदी लागू असताना दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना दक्षिणेकडून फिरून जावे लागते आणि दिल्लीचा लाभ कमी होतो. २०१९ मध्येही काही महिने हीच स्थिती होती. शिवाय उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने लंडनला जाताना परतीच्या प्रवासापेक्षा अधिक वेळ लागतो.

सर्वाधिक वेळ खर्च होतो तो थांब्यात. मोजक्या विमानफेऱ्या ही जबलपूरची जुनी तक्रार आहे. २०२४ मध्ये त्यासाठी शहरात आंदोलनही झाले. डुमन्याची धावपट्टी आता सुमारे २,७५० मीटर लांब आहे आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, पण फेऱ्या वाढवणे विमान कंपन्यांच्या हाती असते. दिल्ली आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी टर्मिनल एकमेकांपासून दूर आहेत, म्हणून देशांतर्गत विमान कोणत्या टर्मिनलवर उतरते हे आधीच पाहावे.

पहिल्यांदाच मुलांकडे निघालेल्या वयस्कर आईवडिलांसाठी संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढणे श्रेयस्कर. त्यात सामान सहसा थेट लंडनपर्यंत नोंदवले जाते आणि पहिल्या विमानाच्या विलंबामुळे पुढचे चुकल्यास पर्यायी व्यवस्था कंपनीला करावी लागते. स्वतंत्र तिकिटांत हा भार प्रवाशावरच पडतो. लंडनची वेळ भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेचार, तर हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते.