लिंबू, गंधवादाची पोथी आणि एक फ्रेंच शब्द

केमोथेरपीच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की काही रुग्णांना सुई टोचण्यापूर्वीच उमासे येऊ लागतात. रुग्णालयाच्या दारातला स्पिरिटचा वास तेवढ्याला पुरतो. औषध अजून बाटलीतच असते. पण शरीराने तो वास आणि मागची ओकारी यांची गाठ घट्ट बांधलेली असते. शिरूरहून नगर रस्त्याने पुण्याला, किंवा दौंडहून रेल्वेने पुण्या-मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्याच्या बाबतीत ही गाठ वाटेतच आवळू लागते. अशा प्रवासात हाती लिंबू धरणारे अनेक असतात.

गाडी लागू नये म्हणून एसटीत लिंबू हुंगण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. घोड आणि भीमा ओलांडली की लिंबाच्या बागांसाठी ओळखला जाणारा श्रीगोंदा तालुका लागतो. तेव्हा या भागाला लिंबाचे अप्रूप नाही. मूर्च्छा आलेल्याच्या नाकाशी फोडलेला कांदा, सर्दीला ओव्याची पुरचुंडी, बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपांची धुरी, हे सारे वासाचे घरगुती वैद्यकच. ते कोणत्याही ग्रंथावाचून चालत आले.

ग्रंथ मात्र होते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त विलेपन आणि धूप हे राजाचे उपभोग म्हणून वर्णिले आहेत. मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट मात्र पुण्यात घडली. भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात गंगाधराच्या ‘गंधसार’ या अज्ञात ग्रंथाची पोथी अभ्यासकांपुढे आणली. तिच्याबरोबर ‘गंधवाद’ नावाची दुसरी रचना होती, आणि तिच्यावर चक्क मराठी टीका होती! गोडे यांनी त्या टीकेचा काळ साधारण १३५० ते १५५० असा मानला. गंगाधराने भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. सुगंध सिद्ध करण्याची ही रीतसर कार्यपद्धतीच होय.

इतके वाचून ‘आपल्या पूर्वजांना अरोमाथेरपी ठाऊक होती’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. हे शास्त्र मुख्यतः देवपूजेचे, शृंगाराचे आणि दरबारी ऐश्वर्याचे आहे. त्याला कर्करोगाच्या दवाखान्यात ओढून नेणे हा त्या पोथीवरही अन्यायच, आणि त्या जोरावर कुणी केमोथेरपी सोडून तेलाच्या बाटलीच्या मागे लागला तर तो अन्याय जिवावर बेततो.

अरोमाथेरपी हा शब्द फ्रेंच. लियाँचा सुगंध-रसायनज्ञ रने-मॉरिस गॅटफॉसे याने १९३७ साली आपल्या पुस्तकाला ते नाव दिले. १९१०च्या स्फोटात भाजलेला हात त्याने चुकून लॅव्हेंडरच्या तेलात बुडवला, ही कथा फार लोकप्रिय आहे; त्याच्या स्वतःच्या लेखनात मात्र गँग्रीन झालेल्या जखमांवर ते तेल जाणीवपूर्वक लावल्याचा उल्लेख आहे. त्याचा विषय जंतू आणि जखमा हा होता, मळमळ नव्हे.

मळमळीचा प्रश्न मोठा झाला तो औषधांमुळे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हा शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हीच मुख्य साधने होती. पुढे केमोथेरपी आली. १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिसप्लाटिन ओकारीसाठी कुप्रसिद्ध ठरले. १९९१ मध्ये तिथेच मान्यता मिळालेल्या ओन्डान्सेट्रॉनने ओकारी पुष्कळ आटोक्यात आणली. मळमळ आणि धास्ती मात्र पूर्णपणे गेली नाही. सुगंधाला जागा मिळाली ती या उरलेल्या फटीत.

पुरावा काय सांगतो? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इराणी चाचणीत १०० गर्भवतींवर लिंबाच्या वासाचा प्रयोग झाला आणि मळमळ काही अंशी कमी झालेली दिसली. पण गर्भारपण म्हणजे केमोथेरपी नव्हे. कर्करोगातील मालिश आणि सुगंधी तेले यांचा २०१६ चा कॉक्रेन आढावा उपलब्ध पुराव्याला अत्यंत कमी दर्जाचा ठरवतो. क्षणभर बरे वाटणे खोटे नसते, परंतु ते ओकारीच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक अडचण आहे. १९७८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आयलीन बर्नस्टाइन यांनी कर्करोगाच्या बालरुग्णांना मळमळ आणणाऱ्या औषधापूर्वी निराळ्या चवीचे आइस्क्रीम दिले. पुढे तीच चव त्यांतील बहुतेक मुले टाळू लागली. वासाचीही अशीच गाठ बसते. म्हणून औषध चढत असताना घरचा लाडका मोगरा किंवा उदबत्ती नाकाशी नेणे जोखमीचे. बरा होऊन शिरूर-दौंडला परतलेल्या माणसाला पुढे देवघरात बसणेही नकोसे व्हायचे. त्यापेक्षा ज्याच्याशी फारशा आठवणी जोडलेल्या नाहीत असा, रुग्णाने स्वतः निवडलेला आणि नको झाला की लगेच दूर करता येणारा वास बरा. रुमालात गुंडाळलेले लिंबू खिशात टाकले की तो वास नाहीसा होतो. खोलीभर पसरलेला धूप तसा आवरता येत नाही.