बाल्टिमोर, रात्री १:२९

२६ मार्च २०२४, रात्री १२:३९. सीगर्ट धक्क्यावरून ‘डाली’ सुटले. तीनशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज, निघाले होते कोलंबोला. खलाशी एक सोडून सारे भारतीय. वाटेत पटाप्स्को नदीवर १९७७ सालचा फ्रान्सिस स्कॉट की पूल. तो मेरिलँड ट्रान्सपोर्टेशन ऑथॉरिटीचा. ही संस्था मुख्यतः टोलवर चालते, आणि या एका पुलाचा टोल होता वर्षाला सुमारे ५.६ कोटी डॉलर.

१:०७. जहाज फोर्ट मॅकहेन्रीच्या जलमार्गात शिरले. वर पुलावर आठ माणसे खड्डे बुजवण्याच्या कामावर होती, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेली.

१:२५ च्या सुमारास जहाजावरची वीज गेली. एका तारेवरच्या लेबलमुळे ती तार जोडणीत पुरती बसलीच नव्हती, असे पुढे चौकशीत निघाले.

१:२७. नांगर टाकण्याचा हुकूम सुटला. जहाज आवरत नाही हा निरोप ऑथॉरिटीच्या ड्युटी ऑफिसरला पोचला. दुरुस्तीमुळे पुलाच्या दोन्ही टोकांना तिच्या पोलिसांच्या गाड्या उभ्याच होत्या. त्यांनी रहदारी रोखली. हे वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात गेला, तेव्हा राजापूर–बोरिवली आणि जयगड–मुंबई या एसटी गाड्यांना थांबवायला तिथे कोणी नव्हते.

१:२९. जहाज खांबावर आदळले आणि पूल कोसळला. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजत आले होते. रहदारी थांबली होती, पण खड्डे बुजवणाऱ्यांपर्यंत इशारा वेळेत पोचला नाही. सहा जण गेले. पुढचा कोणताही हिशेब मांडताना हे सहा जण आधी धरायला हवेत.

मग पैशांचे. टोल सगळाच बुडाला असे नाही. बंदराखालचे दोन्ही बोगदे याच संस्थेचे, त्यामुळे बऱ्याच गाड्या तिकडे वळल्या आणि टोल तिथे भरू लागल्या. ज्वलनशील माल नेणाऱ्या टँकरना मात्र बोगद्यात मनाई. त्यांच्या नशिबी शहराला लांबचा वळसा. विम्याचे ३५ कोटी डॉलर आले. खरा घाव नव्या पुलाच्या खर्चाचा. आधी सांगितले, १.७ ते १.९ अब्ज डॉलर, २०२८ पर्यंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये आकडा ४.३ ते ५.२ अब्जांवर गेला आणि मुदत २०३० च्या अखेरीवर. जुन्या पुलाचा टोल पाऊणशे वर्षे साठवला तरी यातला कमीतला आकडासुद्धा भरत नाही. हा भार केंद्राने उचलायचा, असे अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२४ मध्येच ठरवले होते. म्हणजे ज्यांनी हा पूल कधी पाहिलाही नाही, तेही त्याचे पैसे भरणार.

आणि हे टाळायचा मार्ग ठाऊक होता. १९८० मध्ये फ्लोरिडातला सनशाइन स्कायवे पूल जहाजाच्या धडकेने पडून ३५ जण मेले. त्यानंतर १९९१ मध्ये अशा धडकेचा धोका मोजण्याची रीत ठरवून दिली गेली. की पुलासाठी ऑथॉरिटीने ती मोजणी केली नाही. पूल पडल्यावर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ती केली, तेव्हा धोका मान्य मर्यादेच्या जवळपास ३० पट निघाला. मार्च २०२५ मध्ये मंडळाने आणखी ६८ पुलांच्या मालकांना हीच मोजणी करायला सांगितले.