ट्रंक कॉलची चिठ्ठी

आमचं चिचगड तेव्हा भंडारा जिल्ह्यात. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला. देवरीकडच्या या जंगलपट्ट्यात फोन म्हणजे ट्रंक कॉल, आणि ट्रंक कॉल म्हणजे वाट पाहणं. नोकरीची पहिली वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डावर काढली. प्रत्येक कॉलची एक चिठ्ठी असे: कुणी मागितला, नंबर कुठला, ऑर्डिनरी की अर्जंट, बोलणं किती वाजता सुरू झालं. हात दोन, कॉल सात-आठ. एक लागेना की त्याची चिठ्ठी बाजूला, दुसरी हातात. परत पहिल्याकडे वळलो की कुठवर आलो होतो ते चिठ्ठीच सांगायची. एकदा घाईत मी एकाच चिठ्ठीवर दोघांच्या वेळा लिहिल्या. एका धानवाल्याला दुसऱ्याच्या बोलण्याचं बिल गेलं, आणि ते हातात धरून तो खिडकीशी आला. त्यानंतर चिठ्ठीला चिठ्ठी लागू दिली नाही.

1984 मध्ये सी-डॉट ही टेलिफोन एक्सचेंज विकसित करणारी सरकारी संस्था स्थापन झाली आणि 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचं 128 लाइनींचं ग्रामीण एक्सचेंज लागलं. त्याला एसीची गरज नव्हती, खेड्यात हीच मोठी गोष्ट. पुढे त्यांच्या मोठ्या एक्सचेंजचं ट्रेनिंग मिळालं, तेव्हा कळलं की आत रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम आहे. काही प्रोसेस कायमच्या, काही कॉल आला की जन्मणाऱ्या आणि कॉल संपला की मरणाऱ्या. प्रत्येकीजवळ आपापल्या कॉलची माहिती. मला ती चिठ्ठीच वाटली. मास्तर हसले, मी मात्र अजून तेच म्हणतो.

ज्याची चिठ्ठी त्याच्याजवळ, हा धडा संगणकवाल्यांनाही ठेच लागूनच मिळाला. युनिक्समध्ये झालेल्या चुकीचा क्रमांक ठेवायला 'एर्नो' नावाची एकच जागा होती. एका प्रोसेसमध्ये एकच काम चाले, तोवर ठीक. एकाच मेमरीत अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे वेगवेगळे धागे, चालू लागले, तेव्हा एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर पडू लागली. 1987 च्या व्हीएक्सवर्क्स या रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीमने 'टास्क व्हेरिएबल'ची युक्ती केली: नाव एकच, पण टास्क बदलला की कर्नल जुन्याचा आकडा काढून ठेवी आणि नव्याचा मांडी. पाटी पुसून पुन्हा लिहिण्यासारखं. दर बदलाला तेवढा वेळ जाई. शिवाय दोन कोअरवर दोन टास्क एकदम चालले, तर पाटी कुणाची? 1995 च्या पॉझिक्स थ्रेड्सने दर थ्रेडला वेगळी जागा दिली. सी भाषेत तशी सोय 2011 च्या प्रमाणात आली.

परवा भाचा पंपाचा कंट्रोलर घेऊन आला. "मामा, विहिरीचा पंप बंद पडला की बोअरचा लाल दिवा लागतो." दोन टास्क, बिघाडाची नोंद मात्र एकाच ग्लोबल व्हेरिएबलमध्ये. मी त्याला माझ्या धानवाल्याची गोष्ट सांगितली. त्याच्या कंट्रोलरमधल्या फ्रीआरटीओएस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रत्येक टास्कच्या कंट्रोल ब्लॉकमध्ये अशा खासगी जागा ठेवता येतात, पण किती हव्यात ते कॉन्फिगमध्ये आधी लिहावं लागतं. लिहिलं नाही, तर ती संख्या शून्य धरली जाते.